ज्वारीची मूठ

पर्वत पाटियाच्या नाक्यावर मी पत्रकं वाटत होतो, तेव्हा चुलतभाऊ संजू लुनावरून आला. इंजिन बंद न करताच म्हणाला, "आई गेली रे." उरलेली पत्रकं मी कुणाच्या हातात कोंबली, आठवत नाही... महिना होत आला. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, सुगरण होती. मला संताप येतो. एवढ्या एका शब्दात माझी काकू आटोपायची?

लहानपणी माझी स्वतःची आई गेल्यावर मी धुळ्याहून उधन्याला काकूकडे आलो, तो कोपरांत आणि गुडघ्यांमागे इसब घेऊनच. खाजवून चादरीला रक्त लागायचं. डॉक्टरांनी गहू, दूध, अंडी, शेंगदाणे, वांगी बंद केली. खायचं काय, ते मात्र सांगितलं नाही. खान्देशी घरात दाणे आणि वांगी बंद म्हणजे चूलच बंद! काकूनं दाण्यांऐवजी तीळ भाजून कुटले. दुधाऐवजी नारळ पिळून तांदळाची खीर केली. शेजारणी विचारायच्या, "पुतण्यासाठी एवढी थेरं कशाला?" ती म्हणायची, "तुमच्या घरी पाठवत नाही ना?"

तरी श्रावणात मी एकटा पडायचोच. कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं मूठभर गहू काढतात, एकत्र दळतात, आणि ते रोट भाऊबंदांनीच खायचे असतात. माझ्या नावाची मूठ निघायची, पण तो घास माझ्या पानात येत नसे. सगळे पंगतीत, मी उंबऱ्यावर. शहरात प्लेग आला होता, त्याच्या पुढच्या वर्षी काकूनं माझ्या नावानं ज्वारी काढली, वेगळ्या वाटीत. गावाहून आलेले मोठे काका म्हणाले, "रोट गहूनाच ऱ्हास. त्याले गूळ द्या."

काकू जेठांसमोर, थोरल्या दिरांसमोर, कधी तोंड उघडत नसे. तिनं पदर पुढे ओढला आणि देव्हाऱ्याकडे वळून म्हणाली, "माय, मना पोऱ्यानं गहूवर अंग फुटस. तो बी तुनाच ना? मंग त्यानी मूठ ज्वारीनी."

मोठे काका खाकरले. "मंग? देवी काय म्हनस?"

काकू देव्हाऱ्यालाच म्हणाली, "सांग माय त्यासले. तू हो म्हननी ते."

आधी संजू हसला, मग सगळेच. मोठे काकाही मिशीत हसले. "बरं, दळा मंग."

त्या दिवशी मी पंगतीत बसलो. रोट पार भेगाळला होता. बोट ओलं करून मी चुरासुद्धा टिपला... पुढे दर श्रावणात माझी वाटी निघाली. तिचं पथ्य नव्हतं ते, तिची लढाई होती, आणि कुणी तिला तसं म्हटलं नाही. म्हणून मी म्हणतोय.

यंदा घरात दुःख आहे, कानबाई बसणार नाही. परवा संजूच्या बायकोनं चपात्या आटोपल्या, परात घासली, हात धुतले. पुन्हा धुतले, आणि मग माझी ज्वारी मळायला घेतली.

"काकूनं सांगितलं होतं का, वहिनी?"

"नाही हो भाऊ. रोज बघत होते ना."

भाकरी चांगली फुगली. "कशी झालीय?" तिनं विचारलं. चांगली, म्हणालो. तिनं दुसरी वाढली, तीही खाल्ली... काकूच्या भाकरीच्या कडेला बोटांचे ठसे असायचे. हिची कड अगदी गुळगुळीत होती.