चार दिवस उशिरा आणलेली पिल्लं

वडील गेल्यावर मी आईला नोएडाला आणलं. नव्या कंपन्यांचे दिवस होते. माझी कंपनी अंडी उबवायची यंत्रं बनवायची, आणि घराण्यातला पहिला पदवीधर असलेला मी तिथे चाचणी विभागात होतो. लग्न व्हायचं होतं. सकाळी आठला मी बाहेर पडलो की संध्याकाळपर्यंत आईशी बोलायला कुणी नसे. हिंदी तिला येत नव्हती. दोन महिन्यांतच ती गावी परतायचं म्हणू लागली. तिथल्या बंद घरात ती एकटी राहणार, ही कल्पना मला सहन होत नव्हती.

म्हणून शेजारच्या खेड्यातून मी तिला एक गावठी कोंबडी आणून दिली. माझं शिक्षण आईच्या कोंबड्यांवरच झालेलं. मला वही हवी असली की ती खुराड्यात हात घाली. तळमजल्यामागच्या वीतभर अंगणात तिने लाकडी खोक्याचं खुराडं केलं. वरच्या मजल्यावरच्या बाई गॅलरीतून म्हणाल्या, "माताजी, अब भैंस कब आ रही है?"

"काय म्हणते रे ती?" आईने विचारलं. मी सांगितल्यावर कितीतरी दिवसांनी ती हसली.

जानेवारीत कोंबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसली. कोंबडा नव्हता, त्यामुळे अंड्यांतून काही निघणार नव्हतं. तरी ती उठेना, दाण्यालाही नाही.

आई म्हणाली, "तुझ्या मशीनमधली पिल्लं आण की. अंधारात पोटाखाली सरकवली की आपलीच मानते ती. पिल्लं झाली तर पावसाळ्यापर्यंत तरी मी इथून हलत नाही बघ." मग बजावलं, "पण निघतील त्याच दिवशी आण."

सोमवारी पिल्लं निघाली. साहेबांनी आठ न्यायची परवानगीही दिली. पण मी त्या दिवशी नेली नाहीत. पिल्लं दगावतात ती पहिल्या तीन-चार दिवसांत, हे मी स्वतःच नोंदवहीत लिहीत असे. आईच्या हाती मरतुकडी पिल्लं द्यायची नव्हती. चार दिवस बल्बच्या उबेत ठेवून, लस देऊन, चांगली धट्टीकट्टी झाल्यावर शुक्रवारी ती घरी आणली.

आईने एक हातात घेतलं, पंख उलगडून पाहिला. "किती दिवसांचं हे?"

मी सांगितलं. कारणही सांगितलं.

तिने पिल्लू खाली ठेवलं. "असू दे. तू शिकलेला आहेस."

अंधार पडल्यावर तिने कोंबडीखालची अंडी काढली आणि एकेक पिल्लू आत सरकवलं. कोंबडी हलक्या आवाजात बोलू लागली. आई दाराशी उकिडवी बसून ऐकत राहिली.

सकाळी पिल्लं बाहेर पळाली. कोंबडी पंख पसरून बोलावत होती, दाणा उचलून पुढ्यात टाकत होती. पिल्लं तिच्याकडे बघतही नव्हती. बाहेर दाट धुकं. स्वयंपाकघरातल्या दिव्याचा उजेड खिडकीतून अंगणात पडला होता, तेवढ्या पिवळ्या चौकोनात ती एकमेकांना चिकटून थरथरत उभी राहिली. आई त्यांना उचलून पंखाखाली घाले. ती पुन्हा उजेडात.

"तिची हाकच कळत नाही रे त्यांना," आई म्हणाली.

संध्याकाळपर्यंत तीन मेली. उरलेल्यांसाठी मी पुठ्ठ्याच्या खोक्यात बल्ब लावला, तशी ती लगेच शांत झाली. कोंबडी खोक्याबाहेर बसून बोलावत होती. तिसऱ्या दिवशी तिचा आवाज थांबला आणि ती उठून दाणे टिपायला लागली.

आईने होळीआधीचं तिकीट काढायला सांगितलं. "शेताचं बघायला हवं," म्हणाली. आम्हाला शेत कधीच नव्हतं. माझं चुकलं, एवढं म्हणायचं होतं. ते न म्हणता मी तिकीट काढून आणलं.

पुढच्या वर्षी गावच्या घरात आई एकटी असतानाच गेली. शेजारणीला दुपारी कळलं.

तेराव्याला मावशी म्हणाली, "तुझी दिल्लीची कोंबडी म्हणे भारी दुष्ट होती. लेकाने एवढी चांगली पिल्लं आणली, तर जवळसुद्धा घेईना. ताई सगळ्यांना सांगायची."

मी मावशीच्या हातातलं ताट घेतलं आणि पंगतीत वाढायला गेलो.