सासूबाईंचा ब्रेस्टस्ट्रोक

त्या संध्याकाळी पुंडलिकनगरच्या आमच्या घरी टीव्हीवर जागतिक जलतरण स्पर्धेतली पुरुषांची ब्रेस्टस्ट्रोकची शर्यत लागली होती. गावाकडच्या विहिरीत आपल्यासारखं कुणी पोहत नव्हतं, असं सासरे मला लग्न झाल्यापासून सांगत आलेत. तेव्हाही चहा पीत ते प्रत्येकाची चूक दाखवत होते. "हा बघ, दम किती उशिरा घेतो!"

सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्या शांतपणे मला म्हणाल्या, "पाठीला भोपळा बांधून ह्यांला विहिरीत कुणी उतरवलं, इचार की."

"कुणी?"

"मीच! लई ओरडायचे."

"काहीतरीच!" सासरे उसळले. "तुला तरी येतं का हे बेडकासारखं पोहणं?"

सासूबाईंनी परात बाजूला सारली, पदर खोचला आणि दिवाणावर पालथ्या पडून हातपाय मारायला लागल्या. अगदी टीव्हीतल्यासारखे! सासरे चष्मा सावरत जवळून बघायला वाकले, आणि नेमकी लाथ त्यांच्या हातातल्या चहाच्या कपाला लागली.

या गोंधळात शर्यत कोण जिंकलं, ते आम्हाला कळलंच नाही. सासरे ओला सदरा बदलायला आत गेले. सासूबाई धापा टाकत उठल्या आणि दिवाण थोपटत मला म्हणाल्या, "चल, आता तू पालथी हो."