दारावरचं प्लास्टिक

शेजारणीने काल नवी गादी आणली, तिच्या प्लास्टिकवर ऊन पडलं आणि तोच वास आला. मुलुंडला मी ज्या आजींना सांभाळते, त्यांच्या मुलाने, दादांनी, दोन उन्हाळ्यांपूर्वी इलेक्ट्रिक गाडी घेतली होती. दारांवरचं प्लास्टिक आजींनी काढू दिलं नाही, "नवं आहे, राहू दे" म्हणाल्या. त्या दुपारी आम्ही डॉक्टरांकडून येत होतो. घाटकोपरला गाडी एकदम बंद पडली, समोरचा स्क्रीन काळा झाला. दादा बघायला उतरले, त्यांच्यामागे दार लागलं आणि मग एकही दार उघडेना, काचाही उतरेनात. आत तापलेल्या प्लास्टिकचा वास कोंडला. आजींना धाप लागली. "दार उघड ना गं!" मी पदराने वारा घालत म्हटलं, "आजी, उघडत नाहीये." "हात नाहीत का तुला?" बाहेर दादा कंपनीला फोन लावून काचेवर थापा मारत होते. "ताई, दाराच्या खिशात दार उघडायची दोरी आहे म्हणतात, ओढा!" माझ्या हाताला नुसतं गुळगुळीत प्लास्टिक लागत होतं. शेवटी नखाने त्याचं टोक उचकटलं, दातांनी फाडलं, तेव्हा दोरी सापडली आणि दार उघडलं. आजी वाचल्या. पण हल्ली त्यांना सगळं आठवत नाही. कोणी भेटायला आलं की माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, "ही शेजारीच बसली होती, पण हिने दार उघडलं नाही." दादा तेव्हा कामावर असतात. मी पाहुण्यांपुढे चहा ठेवते आणि आत जाते.