आतून आलेला निरोप

मी म्हणजे देह नव्हे, याचा साक्षात अनुभव मला आलेला आहे. तो कंबरेखालच्या भागापुरता होता आणि हर्नियाच्या ऑपरेशननंतर, उल्हासनगर कॅम्प चारच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये आला.

ऐंशीच्या दशकाचा शेवट असावा. अंबरनाथला आमच्या कॉलनीत दर गुरुवारी सत्संग भरे. गळाभर हार घातलेले महाराज माइकवरून देहभाव सोडायला सांगत आणि मीही भूक-तहान विसरण्याचा सराव करत असे. पाठीत भुलीचं इंजेक्शन दिल्यावर माझा सराव काही क्षणांत पूर्ण झाला. हात माझ्याच मांडीला लागला, तर दुसऱ्या कुणाला लागला असं वाटून मी ओशाळलो. सांगितलेली शांती मात्र कुठेच नव्हती. नुसती भीती होती.

दुपारी पाय परत आले, पण लघवीची जाणीव येईना. पोट तटतटलेलं, आणि आतून काहीच निरोप नाही. संध्याकाळपर्यंत झाली नाही तर नळी घालू, असं डॉक्टर सांगून गेले. बायको मधूनमधून म्हणे, "अहो, प्रयत्न तरी करा." मी करतच होतो. शेवटी अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या महादेवाला पडल्यापडल्या हात जोडले आणि आयुष्यात पहिल्यांदा मोक्ष सोडून काहीतरी नेमकं मागितलं. भूक, तहान, ही साधी कळ, यांचाच मिळून मी झालो होतो, आणि इतकी वर्षं मी त्यांनाच हाकलत होतो.

पलीकडच्या खाटेवरच्या सिंधी आजोबांची पत्नी हे सगळं पाहत होती. ती उठून माझ्या उशाशी बसली आणि तांब्यातलं पाणी बारीक धारेने पेल्यात ओतू लागली. पेला भरला की पुन्हा तांब्यात. ओठांवर झूलेलालचं नाव. त्यांचा देव पाण्याचा.

"भाऊ, जोर मत लगाओ," ती म्हणाली. "बस, आवाज सुनते रहो. जिसका काम है, वो करेगा."

मी जोर सोडला. मागणंही सोडलं. बऱ्याच वेळाने ओटीपोटात खोल कुठेतरी एक ओळखीची कळ हलली, आणि तिच्यामागोमाग मी माझ्यात परत आलो. बायकोने घाईने पडदा ओढून भांडं हाती दिलं. माझे डोळे भरून आले.

कृपा कशी येते, ते मला सांगता यायचं नाही. मी हुकूम सोडायचं थांबवल्यावर ती आली, एवढंच ठाऊक आहे. त्या माउलीचे उपकार मी अजून रोज आठवतो, दिवसातून बऱ्याचदा.

नर्स आली आणि भांडं लगेच घेऊन गेली. वॉर्डात तेवढं एकच होतं.