तोंड नसलेलं बीळ

आधीच सांगून टाकतो, या ग्रुपवर मी दोन वर्षं नुसता वाचक आहे. चकवा लागला, पिंपळाखाली बाई दिसली... वाचतो, हसतो आणि पुढे सरकतो. आमच्या घरी नवस बोलणारंही कोणी नाही. पण माझ्यासोबत जे घडलं ते सकाळी अकरा वाजता, लख्ख उन्हात, आठ-दहा माणसांच्या समोर घडलं. म्हणून लिहून राहिलो. कोणाला कारण सापडलं तर सांगा, खरंच.

मी अकोल्याचा. खोदकाम हाच माझा धंदा. पाइपलाइनचे चर, घराचे पाये, शेततळी, सगळं करतो. माझे वडील अचलपूरकडे विहिरी खोदायचे, त्यामुळे लहानपणापासून मातीतच वाढलो. बीळ पाहिलं की कोणाचं ते सांगू शकतो. घूस माती उकरून तोंडाशी ढीग लावते. खेकडा गोळ्या करून बाहेर आणून ठेवतो. कोल्हा उतार पाहून खोदतो, म्हणजे पाणी आत जाणार नाही. पण जनावर असो की माणूस, एक गोष्ट कोणालाच सुटत नाही... खोदलं की माती कुठेतरी टाकावी लागते. हे लक्षात ठेवा.

दर्यापूरचा भाग खारपाणपट्ट्यातला. कितीही खोल गेलं तरी पाणी खारट. म्हणून तिकडे पिण्याचं पाणी पाइपानेच न्यावं लागतं. गेल्या ऑक्टोबरमध्ये दर्यापूरच्या पुढे एका नाल्याच्या काठाने आमचं तेच काम चालू होतं. चर नऊ फूट खोल. पाऊस नुकताच संपलेला, काळी माती वरून कडक आणि आतून लोण्यासारखी. अशा वेळी दोन्ही बाजूंना फळ्यांचा आधार द्यावा लागतो. त्या दिवशी दिला नव्हता. एकच जोड तपासायचा होता, पाच मिनिटांचं काम, म्हणून मीच खाली उतरलो. चूक माझी.

मोठा आवाज वगैरे झालाच नाही. पोतं पडावं तसं — धप्प. आणि अंधार.

मी गुडघ्यावर होतो, उजवा गाल पाइपाला चिकटलेला. एक हात पाइपाखाली, दुसरा पाठीमागे दाबला गेलेला. बोटसुद्धा हलत नव्हतं. ओरडायला गेलो तर माती दातात आली. पाइपाच्या कडेला नाकापुरती पोकळी होती, तिच्यातली हवा गरम होत चालली. मरणाचा विचार येतो म्हणतात... मला सकाळी बायकोने डब्यात काय दिलं तेच आठवेना, आणि त्याचं फार वाईट वाटत होतं.

मग डाव्या कानाशी आवाज आला. खर्र... खर्र... थांबला. पुन्हा खर्र... खर्र.

वाटलं, पोरं पोचली. पण आवाज वरून येत नव्हता, बाजूने येत होता. जवळ आला, अगदी कानाला लागून माती ढासळली, आणि चेहऱ्यावर गार हवा आली. थंडीत पहाटे दार उघडल्यावर येते तशी. गालाला काहीतरी एकदाच टेकलं. थंड, ओलसर. मग काही नाही. मी फक्त श्वास घेत राहिलो.

वर काय चाललं होतं ते नंतर कळलं. आमचा पोकलेन चालवणारा निसार, त्याने मशीन सुरू केली होती. कांताबाई, आमच्या टोळीतली सगळ्यात जुनी बाई, त्याच्या बकेटसमोर जाऊन उभी राहिली.

"बंद कर मशीन! बंद कर म्हनते ना!"

"मावशी, टाइम नहीं है, हटो!"

"अन् बकेट लागली तर? मुंडकं जाईन त्याचं. कान लावून पाह्य... तो खालून खरवडून राहिला."

निसारने मशीन बंद केली. आवाज त्यानेही ऐकला, बाकीच्यांनीही. तो आवाज होता तिथेच सगळे खोदू लागले. फावडी, घमेली, शेवटी नुसते हात. निसार म्हणतो वीस-पंचवीस मिनिटं लागली.

मला काठावर झोपवलं. कांताबाईने तोंड पुसून दिलं आणि माझे हात पाहायला घेतले.

"नखं गेली असतीन भाऊ... किती खरवडलं तुमी."

"मावशी, मी नाही खरवडलं," मी म्हणालो. "माये हात तर दबून होते."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग निसारकडे.

दवाखान्यात दोन बरगड्या मोडल्याचं निघालं. मी दाखल असताना निसारने काम बंद ठेवलं होतं आणि ती जागा ताडपत्रीने झाकून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरचं न ऐकता, कमरेला पट्टा बांधून मी तिथे गेलो.

माझं डोकं होतं तिथे नारळ जाईल एवढं गोल बीळ होतं. कडेला नखांचे ताजे ओरखडे. आम्ही ते फावड्याने हळूहळू उघडत गेलो. पहिला हातभर भाग ढासळलेल्या मातीतून होता. म्हणजे मी गाडला गेल्यावरच खोदलेला, आणि त्या भुसभुशीत मातीत असा बोगदा उभा राहायलाच नको. पुढे सहा फूट घट्ट भिंतीतून. आणि मग संपलं. समोर कोरी माती. वर जमिनीवर तोंड नाही, नाल्याकडे तोंड नाही. खोदलेली माती कुठेच नाही. मग मला हवा आली कुठून?

माझे मामेसासरे चिखलदऱ्याला जंगल खात्यात होते. त्यांना फोटो पाठवले. संध्याकाळी फोन आला.

"नखं मोठी हायेत. पन जावईबापू, हे बीळ कोनी बाहेरून आत खनलंच नाही."

"मंग?"

"मातीच्या आतूनच सुरू झालं ते. अन् तुमच्याकडे आलं."

चर बुजवताना निसारने मशीन लावली नाही. त्याने स्वतः फावडं घेतलं. त्याआधी कांताबाई खाली उतरली आणि आपल्या डब्यातली अर्धी भाकर तिने त्या बिळात ठेवली. कोणी हसलं नाही. मीही नाही.

जुनं बीळ असेल, योगायोगाने उघडलं असेल... मीही स्वतःला हेच समजावलं. पण त्या सहा फुटांत मधे एक चुनखडीचा मोठा गोटा होता. बीळ तिथे अडलं होतं, वळसा घालून पलीकडे निघालं होतं, आणि पुन्हा सरळ माझ्या तोंडाच्याच रेषेत आलं होतं. कोण होतं ते मला माहीत नाही. ते मला शोधत आलं होतं, एवढंच त्या मातीत दिसत होतं.