सेकंदाला पाच

नेदरलँड्समधल्या एन्स्खेडेच्या एका प्रयोगशाळेत हेर्मिनला सगळे 'अर्ध्या कपाची बाई' म्हणत. वसंत ऋतूपासून साडेदहाच्या कॉफीला ती अर्धाच कप मागायची.

"कॉफीत कसली काटकसर करतेस गं?" विभागप्रमुख सित्से चिडवायचा.

ती हसण्यावारी न्यायची. भरलेला कप उजव्या हातात हिंदकळतो, हे तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

तिचं काम सगळं हातावरचं. चिकटपट्टीने सोललेला अर्धवाहकाचा पापुद्रा, जाडी जेमतेम तीन अणूंची, चिपवरच्या प्रकाशवाटेवर अलगद टेकवायचा. त्या वाटेवरून प्रकाश जवळजवळ न सांडता जातो. पण पापुद्र्याला सुरकुती पडली की चिप फुकट. बारा वर्षांत हे तिच्याइतकं कुणालाच जमलं नव्हतं. हात गेला तर आपण इथे कोण, हा विचार ती रोज बाजूला सारायची.

मंगळवारी चांगल्या चिपांपैकी शेवटची उरली होती. हेर्मिनने मनगट टेबलावर दाबलं, श्वास धरला आणि पापुद्रा सरकवणारा स्क्रू फिरवायला घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली पापुद्र्याची कड पुढे सरकली, मागे आली, पुन्हा पुढे. तिला दरदरून घाम फुटला. कशीबशी कड टेकली. सुरकुती नव्हती.

मोजणीत प्रकाश पूर्वीइतकाच सुरळीत निघाला.

"तुझ्या हाताला तोड नाही!" सित्से खूश झाला. "पण एक भानगड आहे. टेबलाखालचा कंपनमापक बघ. काहीतरी थरथरतंय, सेकंदाला पाच वेळा. वसंतापासून चालू आहे. मला कोपऱ्यातल्या निर्वात पंपाचाच संशय येतो."

"पंप बंद असतानाही?" तिने विचारलं.

"तेच तर! तू कामाला बसलीस की सुरू होतं. बस ना, आत्ताच पकडू चोराला."

तिला उठून पळावंसं वाटलं. तरी ती बसली आणि डावा हात टेबलावर ठेवला. कंपनमापकाच्या पडद्यावरची रेघ सरळच राहिली.

"छे, लपला," सित्से म्हणाला. "उद्या पंप बदलूनच टाकतो."

इथेच गप्प बसता आलं असतं. पण नवा पंप आला असता, पुढची चिप आली असती आणि तीही याच हाताखाली. ती फार घाबरली होती. तिने उजवं मनगट टेबलावर टेकवलं.

रेघ थरथरू लागली.

"हाच! हाच तो!" सित्से पडद्याकडे बोट दाखवत ओरडला. मग त्याने वळून तिच्याकडे पाहिलं.

"सापडला ना?" हेर्मिन म्हणाली. तिने हात काढला नाही.