पप्पांच्या कॉम्प्युटरवर माझी हुशारी

आता कुठल्या तोंडाने सांगू? पण चहा समोर आलाच आहे, तर ऐका. मी कॉम्प्युटरच्या धंद्यातला माणूस, आणि माती खाल्ली ती घरच्याच कॉम्प्युटरवर.

गावी सांडोरला आमचे पप्पा एकटे असतात. आई गेल्या वर्षी गेली. सकाळी चर्चमधल्या मिस्साहून आले की पप्पा जुना कॉम्प्युटर लावून बातम्या वाचतात. तो सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात अख्ख्या केळीच्या बागेला पाणी देऊन व्हावं! मला बघवेना. एका रविवारी जाऊन जुनी हार्ड डिस्क काढली, नवी, वेगवान एसएसडी डिस्क बसवली, आतलं सगळं जसंच्या तसं तिच्यात उतरवलं. बटण दाबलं, कप उचलेपर्यंत कॉम्प्युटर हजर.

"कसं वाटतंय, पप्पा?"

"बरंय. पण आधीचाच ठीक होता रे."

याचा अर्थ तुम्ही काय घ्याल? मी घेतला, यांना अजून स्लो वाटतोय. पुढच्या रविवारी रॅम वाढवली. पप्पांचा चेहरा आणखी उतरला. मग मी इरेला पेटलो. त्याच्या पुढच्या रविवारी नको ते प्रोग्राम उडवले आणि स्क्रीनवरचा आईचा मोठा फोटोही काढला, तेवढाच भार कमी. मागे साधा निळा रंग ठेवला.

"आता बघा, विमान."

पप्पा त्या निळ्याकडे बघत राहिले. "हिला कुठे ठेवलंस?"

"आहे की फोल्डरमध्ये. लावू परत?"

"लाव. आणि ती जुनी डिस्कपण लाव. तिच्यावर फोटो आधी यायचा, ते बारके चौकोन मागाहून, एकेक. तोवर हिचा चेहरा मोकळा असायचा. कोण भेटलं, काय रांधलं, सगळं सांगून व्हायचं. तुझ्या नव्यावर ही दिसते न दिसते, तोच तोंडावर चौकोन येऊन बसतात."

मला रडू आलं, खरंच. आणि मी बोललो काय? कस्टमरला सरावलेलं तोंड हो माझं.

"पप्पा, ते आयकॉन लपवायची सोय आहे. राइट क्लिक करायचं आणि..."

"तू दर रविवारी येतोस आणि हा डबा उघडून बसतोस," पप्पा हळूच म्हणाले. "माझ्याशी बोलला असतास, तर मला फोटोशी कशाला बोलावं लागलं असतं?"

मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. त्या घरात स्लो एकच होता, आणि त्याला कुठली डिस्क लावायची ते मला अजून कळलेलं नाही.